दहा यार्ड

कोंढाळकर सर मूळचे कबड्डीचे.
प्राचार्य अमेरिकेहून बावीस हेल्मेटं घेऊन आले
आणि म्हणाले, आता हे बघा.

हेल्मेटला नाकं मुरडणाऱ्या या शहरात
आम्ही ती घालून तळजाईवर धावायचो.
मोर बघायला आलेले लोक
आमच्याकडेच बघत राहायचे.

चेंडू नारळासारखा, कुठे उडेल नेम नाही.
सर ओरडायचे, उडू दे, तू आधी पाय धर.

चार प्रयत्नांत दहा यार्ड, एवढंच.
माझ्या आईला लगेच कळलं:
महिनाअखेरीसारखं, म्हणाली.

पहिल्या वर्षी समोर संघच नव्हता.
दुसऱ्या वर्षी हैदराबादची पोरं आली,
अठ्ठेचाळीस-शून्य.
सरांनी सगळ्यांना भेळ दिली,
स्वतः कागद चुरगाळत बसले.

अकरा वर्षांत दोन विजय.
त्यातला एक, मुंबईची बस
खंडाळ्यात बंद पडली म्हणून.

परवा निवृत्तीच्या फॉर्मवर
कारकुनाने लिहिलं, कबड्डी प्रशिक्षक.
सरांनी खोडायला लावलं नाही.
पेन मागून घेतलं
आणि समासात, सावकाश,
एक लांबट गोल काढला.

कारकून म्हणाला,
सर, हे शून्य कशाचं?