दोन मिनिटांची दुर्बीण

कुठल्याही शहरात पोचलो की
मी आधी त्याच्या डोक्यावर चढतो.
मनोरे, टेकड्या, हॉटेलांच्या गच्च्या.
एकदा तर जमीनच काचेची होती,
एका लहान मुलीनं तिथे चपला काढून ठेवल्या,
काच मळू नये म्हणून.
वरून पाहिलं की शहर पाहून झालं, असं एक असतं.
नंतर खाली उतरून आपण फक्त जेवतो.

ला पाझमध्ये चढायचं कुठे, हेच कळेना.
विमान उतरलं तेच शहराच्या वर.
मग टॅक्सी खाली, आणखी खाली,
काठवटीच्या कडेवरून पीठ घसरावं तशी,
आणि तळाशी श्रीमंतांचे बंगले, झाडं, जरा जास्त हवा.
गरिबांच्या वाट्याला डोंगराची कड.
देखावा त्यांचा, श्वास यांचा.
हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो
आणि पाचव्या पायरीवर दम लागून बसलो.

किली किलीच्या कठड्यापाशी एलेउतेरियो उभा असतो.
त्याच्या दुर्बिणीचा पाय सुतळीनं कठड्याला बांधलेला,
रात्री सुटून चरायला जाईल जणू.
दोन मिनिटांना दोन बोलिव्हियानो.
घड्याळ नाही. तो मनात मोजतो,
आयमारा भाषेत,
त्यामुळे तक्रारीची सोय नाही.

सगळे आधी इलिमानी पाहतात, मीही पाहिला:
उतू जाता जाता
शहराच्या काठावर थांबलेलं दूध.
मग नळी त्यानं हातानं वळवली,
डावीकडे, वर,
म्हणाला, तुमची झाली. आता माझी दोन मिनिटं.

त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला,
दुसऱ्यात नुकता धरलेला.

तिकडे वर, एल आल्तोच्या कडेला, त्याची बहीण राहते.
बासिलिया. थोरली.
जमिनीच्या एका तुकड्यावरून आठ वर्षं अबोला.
फोन करा ना, मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये.
फोनवर बोलावं लागतं, तो म्हणाला.

निळी टाकी शोधा. तिच्याशेजारी दोरी.
दोरीवर काही आहे?

गिलावा न केलेल्या विटा, विटा, विटा.
पुढेमागे वरचा मजला चढवू म्हणून
आभाळात मोकळ्या सोडलेल्या सळ्या.
निळ्या टाक्या तर किती!
तिसऱ्या खेपेला दोरी सापडली.
रिकामी होती.

मी खोटं बोलणार होतो.
प्रवासात खोटं स्वस्त पडतं,
परत कोण भेटतंय.
पण तेवढ्यात काहीतरी हललं.
कुत्रा आहे, म्हटलं.
काळा?
मातकट.
कान?
एक पडलेला.

एलेउतेरियो कठड्यावर हात आपटून हसला.
म्हणजे आहे ती घरात!
ती असली की त्याला गच्चीवर हाकलते,
सारखा पायात येतो म्हणून.
त्यानं मला एक नाणं परत केलं,
आणि मागच्या जर्मन बाईंना म्हणाला, या,
आधी इलिमानी.

दुसऱ्या दिवशी लाल रोपवेनं मी वर निघालो.
समोर गोल हॅट घातलेली बाई
मांडीवरच्या पिशवीतून भाजलेला मका खात होती.
मलाही मूठभर दिला. फार कडक.
खालून स्मशान गेलं, एकावर एक खणांचं,
प्रत्येक खणाला काच, काचेमागे फुलं,
आणि मग गच्च्या सुरू झाल्या.

गच्चीगच्चीवर कुत्रा.
मातकट, बहुतेक सगळे.
इतक्या वरून कान दिसत नाहीत.

एका गच्चीवर एक म्हातारी बादली उपडी करत होती.
तिनं वर पाहिलं नाही.
काही सेकंदांना एक पाळणा जातो डोक्यावरून,
माणसानं किती वेळा पाहावं.
तिचा कुत्रा मात्र आमच्यावर भुंकत होता.
काचेतून आवाज येत नव्हता,
नुसतं तोंड उघडत होतं, मिटत होतं.
मका चावायचा थांबवून
मी मोजायला लागलो,
मराठीत,
एकशे वीसपर्यंत.