आस

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर पांढरा तुकडा ठेवला,
तळहाताहून थोडा मोठा.
मी तो खिडकीकडे धरला,
कडेचा धागा नखाने ताणून पाहिला,
वास घेतला. कोरा.
विचारलं, "हेचो आस किती?"

त्या हसल्या नाहीत. चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"मी कधी मोजला नाही. तुम्हीच सांगा."
म्हटलं, ह्यात जवळासुद्धा अडकेल.
तोंडवळीच्या किनाऱ्यावर एवढ्या आसाचं जाळं दिसलं
तर फिशरीवाले दंड मारतील.

मग त्यांनी कागदावर पोट काढलं,
बेंबीच्या डावीकडे एक वाटोळं.
इथून आतडं बाहेर येणार. कायमचं.
हा शब्द त्यांनी हळू ठेवला,
पण ठेवला.
म्हणाल्या, भोक पडलं की कडा सैल होत जातात,
खोकलात, घागर उचललीत,
की त्याच वाटेने आतलं पुढे सरकतं.
सगळ्यांचं नाही. बऱ्याच जणांचं.
म्हणून आधीच, पहिल्याच ऑपरेशनला,
स्नायूच्या मागे ही जाळी.

मला बाबल मेथर दिसला.
सहा वर्षं झाली त्याला पिशवी लागून, जाळी नाही घातली.
आता सदऱ्याखाली डावीकडे एक शहाळं.
त्याच्यावर पिशवी नीट चिकटत नाही, भर बाजारात सुटते.
रापणीच्या दोरीला तो लागत नाही,
सुरूच्या झाडाखाली उभा राहून
ओढणारी माणसं मोजतो.

बाईंनी कात्री घेतली
आणि कोऱ्या जाळीच्या मधोमध कापत गेल्या.
मी खुर्चीतून उठलोच.
चाळीस वर्षं मी भोकं मिटवली,
गाद्यांनी फाडलेली, खडपावर घासलेली,
पोरांनी दारू पिऊन ओढलेली.
नव्या जाळ्याला कात्री लावणारं माणूस
पहिल्यांदा बघत होतो.
"ह्यातून आतडं ओवायचं. आवळायचं नाही, सोडायचंही नाही."
"म्हणजे किती?"
"कडेने एक बोट जाईल एवढं."
हे मला समजलं.

"आणि कुजली तर?"
"ती कुजत नाही. तुमचं मांस तिच्या आसाआसातून वाढेल.
पुढे जाळी कुठली आणि तुम्ही कुठले, मलाही सांगता येणार नाही."
आस म्हणाल्या त्या. माझाच शब्द.
पाण्यात विसरलेल्या जाळ्याला शेवाळ धरतं, खुबे धरतात,
जड होतं, फुकट जातं.
माझ्या पोटात तेच व्हायला हवं होतं.

आनशीने विचारलं, मग नक्की नाही ना येणार गोळा?
"नक्की नाही म्हणवत. कमी वेळा येतो.
कधी जाळीच बाधते, पू धरतो, काढावी लागते."
आनशी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली,
मग कमरेची पुरचुंडी सोडून नोटा मोजायला लागली.

अकरा महिने झाले.
खोकला आला की डावा तळवा आपोआप तिथे जातो.
चकतीचं भोक आनशी भरतकामाच्या कात्रीने कापते,
"पस्तीसचा होता, आता तीसचा झालो," म्हणते,
पोराची उंची सांगावी तसं.
दोरी मी ओढत नाही. सुई चालवतो.

काल रापण वर आल्यावर बाबल आला,
होडीच्या आडोशाला. "दाखव बघया."
मी सदरा वर केला. मग त्यानेही केला.
दोन म्हातारे, वाऱ्यात उघडी पोटं.
त्याने माझ्या पिशवीच्या कडेने बोट फिरवलं,
गाठ तपासतात तसं, आणि दाबून धरलं.
"खोक."
मी खोकलो.
त्याचं बोट हललं नाही.
ते त्याने लगेच काढलंही नाही.
"आस बारीक हा रे," म्हणाला,
आणि सदरा खोचायचा विसरून
मासळीवर आलेल्या कुत्र्यांना शिव्या घालत
किनाऱ्याकडे गेला.