साडेआठ अंशांचा खांदा

निझवा, शुक्रवार. बकऱ्यांचा बाजार उठलाय,
लेंड्यांचा वास किल्ल्याच्या भिंतीला टेकून बसलाय,
आणि हमूद बिन खल्फान माझ्या लेथशेजारी
एक लांबोडकं काडतूस उभं करतो.
"बद्माकर," म्हणतो.
(प त्यांच्या जिभेला झेपत नाही.
सव्वीस वर्षं झाली, मी ओ देतो.)
"हे अजून कामाचं आहे, की नातू म्हणतो ते खरं?"

नातू मुअतसिम दारात, गाडी चालूच ठेवून.
त्याचं म्हणणं सोपं आहे:
तीनशे हॉलंड मॅग्नम, एकोणीसशे पंचवीसचं माप,
नवं तीनशे विंचेस्टर सेकंदाला दीडशे फूट जास्त पळतं,
आखूड आहे, मस्कतला सहज मिळतं.
आणि याची एक पेटी म्हणजे
अर्ज, महिनोन्महिने वाट,
वर एका दुभत्या बकरीची किंमत.

खोटं काहीच नाही त्यात.
मी भिंग डोळ्याला लावतो.

बुडाशी पितळेचा पट्टा,
तान्ह्याच्या कमरेला करगोटा असतो तसा.
वरती खांदा, साडेआठ अंशांचा.
खांदा म्हणावं की नाही इतका उतरता,
जन्मभर कावड वाहिलेल्या माणसाचा.
त्याला कारण होतं, मी नातवाला सांगतो,
तेव्हा आत कॉर्डाइट भरायचे, शेवयांच्या जुडीसारखं,
आणि उन्हात ते तापायचं, फुरफुरायचं.
म्हणून घर ऐसपैस बांधलं, तापणाऱ्या मुलखांसाठी,
तुमच्या आणि आमच्या.
शिवाय या उतारामुळे गोळी नळीत शिरते
सराईत चोर मागच्या दाराने शिरावा तशी.
कडी वाजत नाही.

नातू घड्याळ बघतो.

मग रिकाम्या पुंगळ्या. चौदा.
सायकलची एक आरी टोकाला वाकवून ठेवलीय मी,
ती आत घालून डोळे मिटून चाचपायचं.
पट्ट्याच्या जरा वर पितळ दर बाराला ताणतं,
ताणत ताणत पातळ होतं, बाहेरून मात्र चकाकत राहतं.
तार तिथे अडकली तर समजायचं,
पुढच्या खेपेला ही दोन तुकडे.
पाच ठिकाणी अडकते.
पाच बाजूला. त्या आवाज न करता लवंडतात.

माझा व्हिसा मार्चमध्ये संपतो.
मालक भेटतो, सलाम करतो, हवापाण्याचं बोलतो.

"जबल अख्दरवर," म्हातारा सांगतो,
"याच बंदुकीने एक ताहर पाडला होता. लग्नाच्या वर्षी.
खाली दरीत गेला. दोन दिवस उतरलो त्याच्यासाठी,
सापडला तेव्हा कोल्ह्यांनी आधीच जेवून घेतलेलं.
मग कायदा आला. बरं झालं.
आता रानबकऱ्यांवर पहारा आहे,
आणि पहारेकऱ्यांत माझाच धाकटा भाऊ."

"मग मारणार काय?" नातू. पहिल्यांदाच गाडी बंद करतो.

"डबा. खजुराच्या पाकाचा, रिकामा. दोनशे पावलांवर."
जरा थांबून,
"डब्याला कळेल का रे ते दीडशे फूट?"

नातवाला हसायचं नव्हतं. हसतो.

"चालतं," मी म्हणतो. "पण पुंगळ्या नऊच.
आणि प्रत्येक बारानंतर इथे आणायची,
मी तार घालून बघणार, मगच दुसऱ्यांदा."

"तू असशील?"

कळलंय त्याला कुठून तरी. बाजारात काय लपतं.
मी तारेचं टोक फडक्याने पुसतो, पुसलेलं पुन्हा पुसतो.
थर्मासातून कावा ओततो त्याच्या फिंजानमध्ये,
वेलदोड्याचा वास तेलाच्या वासात मिसळतो.
इथली रीत अशी: पुरे झालं की
रिकामा फिंजान जरासा हलवायचा.

तो पितो.
फिंजान पुढे धरतो.
हलवत नाही.