लाल कांडी

मी कार्डं ठोकतो. जॅकार्डची.
भोक असेल तिथे ताण्याचा धागा उठतो,
नसेल तिथे पडून राहतो.
मोर, कमळ, कुणाच्या सोसायटीचं नाव,
चाळीस वर्षं तेच: उठ, पडून राहा.

समुद्र कधी ठोकला नव्हता.
पाहिलाही नव्हता.

तहसीन बागवान आली, प्लॅस्टिकच्या फायलीत आकडे घेऊन.
आपल्याच शास्त्रीनगरची पोर,
आता कुठल्याशा संस्थेत समुद्राचा ताप मोजते.
एका वर्षाला एक आकडा, असे साठ.
"काका, याची चादर होईल?"
मी विचारलं, सिंगल का डबल?

समाजमंदिरात तिने सूक्ष्मदर्शक मांडला,
आणि टॉवेल धुतलेल्या पाण्याचा एक थेंब.
विड्यांची सुपं बाजूला सारून बाया रांगेत उभ्या राहिल्या.
बालामणी गाजूलने डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही.
मग म्हणाली,
"हे तर आपलंच सूत.
निळं पण आहे, काल रंगवलेलं."

तहसीन सांगत गेली:
गटारातून नाल्यात, नाल्यातून सीनेत,
कुडलला भीमेत,
रायचूरकडे कृष्णेत,
आणि मग थेट.
पाण्याला तिकीट लागत नाही.

मी नदी ठोकली. चारशे कार्डं.
पहिल्या दिवशी साखळी उलटी ओवली गेली,
कृष्णा चढ चढून सीनेकडे यायला लागली.
बालामणी हसून हसून जमिनीवर बसली:
"राहू दे नरसय्या,
समुद्रच येतोय तर येऊ दे,
बसायला चटई टाकते."
मी सगळी सोडली, पुन्हा ओवली.

आडव्याला वर्षं.
व्यंकटेशच्या आज्याचा हातमाग, माळ्यावरून खाली काढलेला,
ज्याचं जे वर्ष त्याने येऊन धोटा टाकायचा.
कुणी जन्माचं टाकलं, कुणी लग्नाचं.
मिल बंद पडली ते वर्ष
लक्ष्मीबाई एमूलला पाहिजे होतं.
तिला वाटलं काळं असेल.
तहसीनने कागदावर बोट ठेवलं: फिकट निळं.
लक्ष्मीबाई जरा थांबली.
"समुद्राला काय माहीत," म्हणाली,
आणि दोनदा ठोकून बसवलं.

निळं संपत आलं, पिवळट आलं, मग नारिंगी,
मग लाल.
शेवटची आठ वर्षं राहिली आणि लाल कांडी रिकामी.
मी आयुष्यभर सुताचा हिशोब बांधलेला माणूस,
माझा अंदाज चुकत नाही.
पुन्हा आकडे पाहिले.
चूक माझी नव्हती.

चिलवेरीच्या कारखान्यात गेलो, लाल मागायला.
"एवढं लाल? कशात?"
मी म्हटलं, अलीकडच्या वर्षांत.
त्याने माझ्याकडे पाहिलं, दोन कोन दिले,
पैसे घेतले नाहीत.
त्याचं धुलाईचं पाणी कुठे जातं
ते त्याला माहीत आहे.
मलाही आहे.
त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

शेवटचा धोटा आलियाने टाकला,
तहसीनच्या भाचीने, दुसरीत आहे.
टाकून झाल्यावर म्हणाली,
आता पुढचं?
ताणा अजून हातभर शिल्लक होता.
मी कापला नाही. 

नवी चादर खळीने ताठ असते,
धुतल्याशिवाय अंगाला लागत नाही.
धुवायची का नाही यावर दोन संध्याकाळी वाद.
शेवटी बालामणीने घमेल्यात बुडवली,
पाणी जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलं,
एकदा, मग परत एकदा.
फडक्यावर साठलं ते वाळवलं:
मूठभरही नाही.
थोडं निळं, बरंचसं लाल.

चादर आता समाजमंदिरात आहे, तुळईवर टांगलेली,
खाली हातभर दशा तशाच.
येणारे नदीवर बोट फिरवतात,
शाळेची पोरं आपलं वर्ष शोधतात,
लाल पट्ट्यात सापडलं की गप्प होतात.

आणि विडीच्या दोऱ्याच्या डबीत
बालामणीने ते गाळलेलं ठेवलंय.
कुणी विचारलं तर झाकण उघडते.
"हे निघालं होतं," सांगते,
"इथेच थांबवलं."