वाळूच्या ढिगाखाली

एप्रिल. कर्वेनगरात अर्ध्या बांधलेल्या इमारतीपुढे
वाळूचा ढीग.
चांदोरकर बाईंनी त्यात आधीच पुरून ठेवलाय
फडक्यात गुंडाळलेला बीकन.
"शोधा. पंधरा मिनिटं आहेत."
आम्ही सहा जण, चपला काढून,
हातातल्या यंत्राची टिकटिक ऐकत
ढिगावर उलटसुलट.
वॉचमन जाधवर विचारतो, "ताई, सोनं हरवलं का?"

बाई सांगतात:
चैत्रातला बर्फ पहाटे दगड असतो,
नऊला भिजलेला साबुदाणा,
अकराला दही.
पाय घोट्याच्या वर रुतला की समजा, उशीर झाला.
रात्रभर आभाळ झाकलेलं असेल तर
तो गोठलेलाच नसतो. तंबूत झोपा.
उतार एकेकट्याने ओलांडायचा,
बाकीच्यांनी त्या एकावरून नजर काढायची नाही.

विश्वजितने विचारलं,
"आणि शिखर समोर असेल तर? अगदी तासावर?"
बाईंनी सळई वाळूत खुपसली.
"आम्ही तासावरच होतो.
हेमलता म्हणाली, मी परतते.
आम्ही हसलो तिला."
एवढंच. पुढचं वाक्य
रस्त्यावरून गेलेल्या टँकरने नेलं.

सळई कशाला तरी लागली.
मऊ. दगडासारखं नाही.
ओंजळींनी उपसलं. एकोणीस मिनिटं.
बाई फडकं झटकतात,
वेळ वहीत लिहितात,
शेऱ्याची जागा मोकळी सोडतात.

दहा वाजलेत. वाळू तळपायांना चटके देतेय.
"चला," बाई म्हणतात,
"इथूनही उतरायची वेळ झाली."