तिसऱ्या दिवशी दहा

डुलूथमध्ये फेब्रुवारी. तलाव काठापासून गोठत गेलाय,
आर्वोचं जहाज गोदीत, बर्फात रुतून,
आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
वीजबिलाच्या पाकिटामागे
फ्लोरिडातली जेवणं मोजतेय.

मोठ्यांना रोज एकाहत्तर डॉलर, मुलांना तीस.
त्यात एकदा बसून जेवायचं, एकदा उभ्याउभ्या,
एक काहीतरी गोड,
आणि एक झाकणाचा पेला,
पाच दिवस हवा तितक्यांदा भरून घ्यायचा.
आगाऊ भरा आणि निश्चिंत व्हा, म्हणतात.
निश्चिंत.
या शब्दाखाली मी दोनदा रेघ ओढली.

सासरे म्हणाले, मला गोड चालत नाही, माझे पाचही रुनेला द्या.
रुने सहाचा. त्याचे पाच, वर एइनोआजोबांचे पाच,
आणि पाळण्यात बसला की त्याला उलटी होते.
तेही मी मांडलं. कुठल्या रकान्यात, कळेना.

शाळेच्या कॅन्टीनमध्ये मी तीनशे चाळीस ताटं वाढते.
आधी भरलेल्या पैशांचं जेवण कसं दिसतं
ते मला कुणी सांगायला नको.
सफरचंद हिशेबात असतं म्हणून पोरं उचलतात,
एक चावा, आणि टबात.
पैसे आधी मोजले की भूक वसुलीला बसते,
पोट नाही म्हणतं आणि हात पुढेच जातो.

तरीही.
पाच दिवस कुणी मला विचारणार नाही
आज जेवायला काय आहे.
याची किंमत किती लावायची?
मी शंभर लिहिले. खोडले. दोनशे लिहिले.

मग बारीक अक्षरातली ओळ दिसली:
मुक्कामात केव्हाही दहा पूर्ण होत असतील
तर पहिल्या दिवसापासून मोठ्यांचा दर.
लेम्पी तिसऱ्या दिवशी दहाची होते.
लेम्पी, जी लोणी लावलेल्या नूडल्स खाते
आणि त्यातल्याही अर्ध्या ठेवते.
एकेचाळीस गुणिले पाच, दोनशे पाच डॉलर वर,
एका मेणबत्तीचे.

आर्वो म्हणाला, नऊ लिही.
जन्मदाखला कोण बघतंय तिथं?

जिन्यावर पाय वाजले नाहीत, पण ती तिथं होती,
लोकरी मोजे, हातात दात घासायचा ब्रश.
मग मी तिथं दहाची होणारच नाही का?
भांडत नव्हती. खरंच विचारत होती,
जसं एखादा विचारेल, ही बस पुढं जाते का.
पाच दिवस नऊ राहायचं असेल
तर बिल्ला लावता येणार नाही,
कुणी विचारलं तर खोटं पाठ करावं लागेल,
आणि रुनेला गप्प बसवावं लागेल, जे आजवर
कुणाला जमलेलं नाही.

आर्वोनं चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मी पेन्सिल ठेवली.
नको, म्हटलं. हॉटेलच्या खोलीत छोटा फ्रिज आहे,
दूध आणि केळी बाहेरून आणू,
दुपारी रांगेत जे मिळेल ते, भूक लागेल त्यालाच.
तिसऱ्या दिवशी मात्र बसून, टेबलावर कापड असेल तिथं,
आणि नूडल्स अर्ध्या राहिल्या तर राहू देत.
निश्चिंत होणं जमलं नाही. संध्याकाळी काय
हे तिथंही मलाच विचारतील.
आर्वो म्हणाला, मला विचारतील.
बघू.

लेम्पी वर गेली, यावेळी पाय वाजवत.
मी पाकीट उलटं केलं.
वीजबिल शुक्रवारपर्यंत होतं.

इतका वेळ गप्प बसलेले सासरे
राईच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत म्हणाले,
तो पेला,
झाकणाचा,
तो नुसता मिळतो का?