ऐंशी-ऐंशी

इसाफ्योर्दुरच्या गोदीवर बर्फ. आत
ड्रीफा कंटेनर उठवतेय:
एकात डेटाबेस, एकात मासळीच्या लिलावाचं पान.
‘माझ्याकडे तर चालतं,’ हे सोल्वीचं नेहमीचं;
त्यासाठीच हा खटाटोप.

पोर्ट ऐंशी-ऐंशी. उघडलं!
दिवसभर तिनं बोटींची नावं भरली,
चव्वेचाळीस.
संध्याकाळी सगळं उतरवून पुन्हा उठवलं, सहज,
तर तक्ता कोरा.
व्हॉल्यूम जोडायचा राहिला होता.

सोल्वी हसला नाही.
याच बंदरात त्याचा बाप जाळी विणायचा.
खुर्ची ओढून, डोळे मिटून
तो एकेक नाव सांगू लागला,
आणि जरा थांबून
बुडाली तीही.

थांब, ती म्हणाली,
आधी फाइलीत ती एक ओळ लिहू दे.